पॅसेजमधली हिरवी पट्टी

माझे सासरे तीन महिन्यांसाठी म्हणून सिडनीला आले आणि जवळजवळ दोन वर्षं राहिले. यात कुणाची चूक नव्हती. ते आले तेव्हा विमानं चालू होती, जायची वेळ झाली तेव्हा बंद. नंतर मधूनच एखादं खास विमान सुटायचं, पण अण्णांचा दमा, त्यांचं वय आणि पुण्याच्या बातम्या बघून आम्ही दर वेळी 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणायचो. आम्ही म्हणजे मी. माझा नवरा काहीच म्हणायचा नाही. वडील घरात असले की तो तसाही कमी बोलायचा.

स्कोफिल्ड्समधलं आमचं घर तेव्हा नवं कोरं होतं. खिडकीतून हात लांब केला तर शेजाऱ्याची भिंत लागेल. मागे अंगण म्हणायला कपडे वाळत घालण्यापुरती जागा. घरात ऐसपैस अशी एकच गोष्ट होती, पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत सरळ जाणारा पॅसेज. घर बघायला आलो तेव्हा मी म्हटलं होतं, एवढी जागा वाया का घालवली? पॅसेजला काम मिळालं ते लॉकडाऊनमध्ये.

नवऱ्याच्या ऑफिसात नवीन बॉस आला होता. इथलाच, गोरा, मोकळाढाकळा माणूस. दर शुक्रवारी संध्याकाळी सगळी टीम आपापल्या घरी बिअर घेऊन स्क्रीनसमोर बसायची आणि बॉस गोल्फबद्दल बोलायचा. एका शुक्रवारी तो सहज म्हणाला की हे सगळं संपलं की तूही खेळायला ये, आम्हाला चौथा माणूस हवाच आहे. माझा नवरा जन्मात गल्लीतल्या क्रिकेटपलीकडे काही खेळला नव्हता. तो म्हणाला, "शुअर मेट, आय पट अ बिट." मी पलीकडे भाजी चिरत होते. 'मेट', म्हणजे इथलं 'यार', म्हणताना त्याचा आवाज नेहमी किंचित चढतो.

पुढच्या आठवड्यात दाराशी एक लांबट खोकं आलं. त्यात एक पटर, म्हणजे गोल्फची आखूड काठी, काही चेंडू आणि गुंडाळलेली हिरवी मऊ पट्टी. गोल्फचा लांब फटका सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेला असतो. पण चेंडू भोकाजवळ आला की त्याला अलगद ढकलून आत घालायचं असतं, ते पटिंग, आणि असा एक फटका म्हणजे पट. दिसायला पोरखेळ. नवऱ्याला वाटलं, बाकीचं नंतर बघू, निदान हे तरी घरात शिकून घेऊ.

त्याने पॅसेजमध्ये पट्टी अंथरली. अण्णा आपल्या खोलीतून बाहेर आले, पट्टीच्या टोकाला असलेलं प्लॅस्टिकचं भोक त्यांनी पायाच्या अंगठ्याने उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "हे खेळणं आहे. पेला आण."

मी स्टीलचा पेला दिला. त्यांनी तो पट्टीच्या टोकाला आडवा ठेवला, दोन्हीकडून पुस्तकं लावून घट्ट बसवला. "बॉल आत गेला की आवाज येतो. बघायची गरज नाही. बॉल आत जाईपर्यंत मान वर करायची नाही. कानाने खेळायचं."

अण्णा गोल्फ खेळलेले होते. पुण्याजवळच्या एका मोठ्या कारखान्यात ते वरच्या हुद्द्यावर होते आणि साहेब लोकांबरोबर रविवारी सकाळी खेळायला जायचे. "माझी निम्मी प्रमोशनं गवतावर झाली," असं ते सांगायचे. डायनिंग टेबलची एक खुर्ची त्यांनी उचलून आणली, पेल्याच्या बाजूला मांडली आणि बसले. तिथून ते लॉकडाऊन संपेपर्यंत उठले नाहीत असं म्हटलं तर फार खोटं होणार नाही.

"खांदे कानाला लावून उभा आहेस. कुणी मारणार आहे का तुला?"

नवऱ्याने खांदे खाली घेतले. चेंडू मारला. तो पट्टीवरून तिरका घरंगळत भिंतीला लागला.

"पुन्हा."

पुन्हा भिंत.

"बॉसबरोबर खेळताना थोडक्यात हरायचं असतं," अण्णा म्हणाले. "शेवटच्या होलपर्यंत बरोबरीत राहायचं आणि मग एक सोपा पट चुकायचा. साहेब खूश. कुणाच्या लक्षात न येता हरणं ही कला आहे. मी वर्षानुवर्षं शिकलो. तुला शिकायची गरज नाही. तुझ्यात ती उपजत आहे."

नवरा हसला. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेले होते तेव्हा हे हसू मी पाहिलं होतं. ओठ फाकतात, बाकी चेहरा तसाच राहतो. त्या वेळी मला वाटलं होतं की बापलेकांत थट्टामस्करी चालते, किती छान. मग एकदा नवऱ्याच्या काकांनी, म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाने, मला एक गोष्ट सांगितली. नवरा लहान असताना अण्णांनी त्याला सगळ्या चुलत भावंडांसमोर विहिरीत ढकललं होतं, पोहायला यावं म्हणून. तो गटांगळ्या खात होता आणि अण्णा काठावरून मुलांना सांगत होते, बघा, बेडूकसुद्धा याच्याहून बरा. काकांनी कपड्यांसकट उडी मारून त्याला बाहेर काढलं. त्यावरूनही अण्णांनी काकांची पुढे कित्येक वर्षं टर उडवली, की हा हिरो बघा, घड्याळ भिजवून आला. काका ही गोष्ट हसत हसत सांगत होते. ते सगळंच हसत सांगायचे.

पॅसेजमधला तो कार्यक्रम रोजचा झाला. नवरा मीटिंग संपवून स्टडीतून बाहेर यायचा, पटर उचलायचा, आणि खुर्चीतून आवाज यायचा, "या साहेब." दार बंद करून राहायला त्या घरात दुसरी जागा नव्हती आणि बाहेर जायला बंदी होती. मी नवऱ्याला एकदा म्हटलं, अण्णा झोपलेले असतात तेव्हा कर ना सराव. तो म्हणाला, "त्यांना आवाज येतो गं. मग ते आतून बोलतात." ते खरंच आतून बोलायचे. चेंडू भिंतीला लागल्याचा आवाज झाला की बंद दाराआडून, "चुकला."

आमची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळा लॅपटॉपवर, मैत्रिणी लॅपटॉपवर. आजोबांच्या खुर्चीला टेकून ती बघत राहायची. आधी वडिलांसाठी टाळ्या वाजवायची, मग अंगठा खाली करायला लागली. अण्णांना त्याचं हसू यायचं आणि त्यांना हसवणं हे त्या घरात फार थोड्यांना जमायचं, म्हणून ती पुन्हा पुन्हा करायची. एका दुपारी जेवताना तिची शाळेची लिंक लागेना. नवऱ्याने हातातला घास ठेवून बरीच खटपट केली, तरी जमेना. ती शांतपणे म्हणाली, "इट्स ओके डॅड. आजोबा इज राइट. यू जस्ट हॅव नो टच."

अण्णा खोकला लागेपर्यंत हसले. मी तिच्यावर ओरडले. नवरा म्हणाला, "राहू दे." आणि राहिलेला भात संपवला.

माझी नोकरी तोवर गेली होती. प्रवासाची बुकिंगं घेणाऱ्या एका कंपनीची वेबसाइट मी तपासायचे. जगात कुणी प्रवासच करेना, तेव्हा सगळ्यात आधी आमच्यासारखे गेले. एका सकाळी कॉल झाला, मॅनेजर रडली, मी तिची समजूत काढली, आणि संपलं. त्या दिवसापासून मी दिवसभर घर पुसायचे. पुसलेलं पुन्हा पुसायचे.

असंच व्हॅक्युम करायला म्हणून पट्टी गुंडाळणार होते. पटर भिंतीला टेकून ठेवलेला होता. मी तो उचलला आणि का कोण जाणे, पायाशी होता तो चेंडू हलकेच ढकलला. ठण्. पेल्यात.

खुर्चीत अण्णा पेपर वाचत होते. पेपर खाली झाला. "पुन्हा मार."

मी मारला. गेला नाही, पण पेल्याला घासून गेला.

"हातात काय धरलंयस? लाटणं धरतेस तसं धर. घट्ट नाही, सुटणार नाही इतपतच. हां. आता मनगटं विसर. खांद्यातून हलव, झोपाळ्यासारखं."

ठण्.

"अगं, तू तर जन्मजात आहेस," अण्णा म्हणाले.

मला काय झालं ते आज सांगायला अवघड वाटत नाही. मी हरखून गेले. शाळेत मी कधी काही खेळले नव्हते, मुलींना खेळाचं साहित्य कपाटातून काढूनच दिलं जायचं नाही. त्यात नोकरी गेलेली. आणि हा माणूस, ज्याने माझ्या पोळ्यांना, माझ्या माहेरच्या बोलीला, माझ्या हसण्याला कधी बरं म्हटलं नव्हतं, तो मला मन लावून शिकवत होता. रोज दुपारी नवऱ्याची मीटिंग सुरू झाली की हाक यायची, "ये गं." चेंडूखाली एक नाणं ठेवून तो मारायचा आणि मारल्यावरही नाण्याकडेच बघत राहायचं, ही युक्ती त्यांनी मला शिकवली. श्वास कुठे सोडायचा, पाय किती फाकवायचे, लांबचा पट जवळच्यापेक्षा जोरात नसतो, फक्त त्याचा झोका मोठा असतो, हेही. ते माझ्याशी एकदाही वाकडं बोलले नाहीत. मला वाटायला लागलं होतं की अण्णांना आजवर योग्य विद्यार्थी मिळाला नाही इतकंच. डोळे मिटूनही पाचांतले चार आत जायला लागले. हात हलका झाला की चेंडू निघतानाच कळायचं, आणि मग आवाज यायचा तो नुसता पावती म्हणून. तशी सुखाची दुपार मी त्या वर्षात दुसरी कुठली आठवू शकत नाही.

नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. मी लपवलं नव्हतं, सांगायचं राहून गेलं होतं.

एका शनिवारी चहा झाल्यावर अण्णांनी सगळ्यांना पॅसेजमध्ये बोलावलं. "आज मॅच आहे," ते म्हणाले. मुलीने पट्टीवर चिकटपट्टीने अंतरं आखली. "कुणाची?" नवऱ्याने विचारलं.

"तुझी आणि तुझ्या बायकोची."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. "तू खेळतेस?"

"अधूनमधून," मी म्हटलं.

तेवढ्यात मला सगळं कळलं. रोजची ती हाक, तो मऊ आवाज, ते 'जन्मजात', सगळं या शनिवारसाठी होतं. मी अण्णांकडे बघितलं. ते खुर्चीत मागे रेलून बसले होते, सर्कशीला आल्यासारखे.

आम्ही आळीपाळीने मारत गेलो. मुलगी मोठ्याने गुण सांगत होती. नवरा त्या दिवशी बरा खेळत होता, त्याचेही काही आत गेले, आणि प्रत्येक वेळी तो अण्णांकडे बघायचा. अण्णा छताकडे बघायचे. शेवटी आम्ही बरोबरीत आलो. त्याचा शेवटचा पट पेल्याच्या काठावर अडला आणि बाहेर राहिला. माझा एक उरला होता. अंतर असं की माझ्याकडून तो चुकणं कठीण.

मी उभी राहिले. नवऱ्याच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता. मी मनगट किंचित वळवलं. चेंडू पेल्याच्या बाजूने निघून भिंतीवर आपटला.

"ऑऽ ममा!" मुलगी म्हणाली.

नवऱ्याने श्वास सोडला, हसला, खराखुरा हसला. "टाय," तो म्हणाला. "चला, चहा करतो मी."

अण्णा उठले. "मनगट वळवलंस."

"हात घसरला, अण्णा."

"तुझा हात इतक्या दिवसांत घसरला नाही. आज बरा घसरला." मग ते मुलाकडे वळले. अगदी शांत, शिकवण्याच्या आवाजात म्हणाले, "बघितलंस? असं हरतात. मी साहेबाला द्यायचो, तशी तिने तुला मॅच दिली. कीव आली तिला तुझी."

फ्रिजची घरघर ऐकू येत होती. नवऱ्याने मला विचारलं, "मुद्दाम चुकलीस?"

"नाही रे."

त्याने चेंडू उचलला, पुन्हा त्याच खुणेवर ठेवला. "मग मार परत."

"सोड ना."

"मार."

मी मारला. ठण्. त्याने पेल्यातून चेंडू काढला, चालत आला, पुन्हा ठेवला. "परत." ठण्. "परत." मी थांबायला हवं होतं की चुकायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही सांगता येत नाही. चुकले असते तर तो पुन्हा खोटेपणा ठरला असता. न चुकणं हे त्याच्या तोंडात मारल्यासारखं होतं. तो चेंडू ठेवत राहिला आणि मी मारत राहिले. माझे हात अण्णांनी इतके नीट तयार केले होते की डोळ्यांत पाणी येऊनही ते चुकेनात. मुलगी गुण सांगायची थांबली. मग उठून आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. अण्णा उभे राहून बघत होते. ते एवढंच म्हणाले, "छान लय आहे."

शेवटी नवऱ्याने चेंडू खिशात टाकला. "घरी बसलेल्या माणसाला जमायचंच," तो मला म्हणाला. "दिवसभर दुसरं काय करतेस तू?"

मी त्यानंतर त्या पट्टीवर पाय ठेवला नाही. अण्णांनीही पुन्हा 'ये गं' म्हणून हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पॅसेजमधून जाताना मुद्दाम थोडी रेंगाळले, लाज वाटते तरी सांगते, एकदा बोलावतील म्हणून. त्यांनी पेपर खाली केला नाही. फक्त म्हणाले, "कालच्या आमटीत मीठ जास्त होतं."

पहिला लॉकडाऊन उठला. गोल्फची मैदानं तर खूप आधीच चालू होती, हे आम्हाला उशिरा कळलं. ऑफिसच्या ग्रुपवर एका सोमवारी फोटो आला. बॉस आणि आणखी तिघं, उन्हात, टोप्या घालून. त्यांना चौथा माणूस मिळाला होता. नवऱ्याच्याच टीममधला, गेल्याच वर्षी लागलेला. फोटोखाली नवऱ्याने अंगठा टाकला आणि लिहिलं, 'लुकिंग गुड मेट.' बॉसचं उत्तर आलं, 'नेक्स्ट टाइम!' ते नेक्स्ट टाइम कधी आलं नाही. बॉसच्या मनात वाईट नसावं. तो बोलला होता हेच तो विसरला असणार.

मला वाटलं, आता पट्टी गुंडाळली जाईल. पण नवरा खेळत राहिला. कशासाठी ते मी विचारलं नाही. सकाळी कॉफीआधी, दुपारी जेवल्यावर, संध्याकाळी लॅपटॉप मिटल्यावर. अण्णा खुर्चीतून बोलायचे, तो उत्तर द्यायचा नाही, हसायचाही नाही. हळूहळू पेल्याचा आवाज वाढत गेला आणि भिंतीचा कमी झाला. जसजसा तो सुधारत गेला तसतसं अण्णांचं बोलणंही आटलं. चुकत नसलेल्या माणसाला काय बोलणार? कधीतरी 'खांदे' म्हणायचे, तेवढंच.

पुढच्या वर्षी इथे उन्हाळा सरून गारवा यायला लागला तेव्हा तिकडे पुण्यात दुसरी लाट आली. रोज कुणीतरी जात होतं. काकांना ताप आला तेव्हा त्यांनी अण्णांना फोन केला. अण्णा फोन नेहमी स्पीकरवर ठेवायचे, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"दादा, बेड मिळत नाहीये रे," काका म्हणाले. त्यांना धाप लागत होती. "भीती वाटतेय."

"तू लहानपणापासून भित्राच," अण्णा म्हणाले. "वाफ घे. बायकांसारखा रडू नकोस."

काका हसले. हसताना खोकला आला आणि फोन बंद झाला. नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

बेड मिळाला, पण उशिरा. चौथ्या दिवशी काका गेले.

अण्णा जायचं म्हणून हट्ट धरून बसले. कपाटातून त्यांनी बॅग ओढून काढली, तिच्यात हाताला लागेल ते भरलं, उन्हाळी शर्ट, माझ्या मुलीचा एक मोजा. त्या आठवड्यात तिकडून इकडे येणारी विमानंच थांबवली होती आणि इकडून जायचं तरी कुठे, पेटलेल्या शहरात? मी समजावत होते. नवरा स्टडीत होता. मी दार वाजवलं, म्हटलं, "बाहेर ये, अण्णांना तुझी गरज आहे." तो म्हणाला, "मीटिंग आहे." स्क्रीन बंद होती, मला दिसत होतं.

दुपारी काकांच्या मुलाने, माझ्या चुलत दिराने, व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. स्मशानाबाहेर रांग होती आणि त्याला आत जाऊ देत नव्हते. तो लांबून, हातमोज्यांत धरलेल्या फोनवरून दाखवत होता. पांढऱ्या प्लॅस्टिकचे पोशाख घातलेली माणसं, गाड्या, धूर. कुठलं प्लॅस्टिक काकांचं ते त्यालाही नीट सांगता येत नव्हतं. अण्णा डायनिंग टेबलाशी बसले होते, फोन पाण्याच्या जगला टेकवलेला. ते फोनकडे वाकून, अगदी हळू, पुन्हा पुन्हा म्हणत होते, "अरे, चेहरा दाखवा. एकदा चेहरा दाखवा त्याचा."

आणि पॅसेजमधून आवाज आला. ठण्.

मला आधी वाटलं, काहीतरी पडलं. मग पुन्हा. ठण्. थोड्या वेळाने पुन्हा. त्या दोन आवाजांमधलं अंतर अगदी सारखं होतं. चेंडू काढायचा, चालत जायचं, ठेवायचा, मारायचा.

मी पॅसेजमध्ये गेले. नवरा खाली बघत उभा होता, पटर हातात, पाय नीट, खांदे सैल. "काय करतोयस?" मी म्हटलं. "थांब. काकांना नेतायत. ये तिकडे."

त्याने मान वर केली नाही. "बॉल आत जाईपर्यंत मान वर करायची नाही," तो म्हणाला. "अण्णांनीच सांगितलंय." ठण्.

मी पेल्यासमोर जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "सरक." मी सरकले नाही. त्याने मारला, नेहमीसारखा अलगद नाही, आणि चेंडू माझ्या घोट्याच्या हाडावर बसला. मी ओरडले. तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा ओला होता. हनुवटीपर्यंत ओला. तो पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"एक शब्द," तो म्हणाला. "काका शेवटचं बोलत होता. एक शब्द बरा बोलता आला नाही त्यांना. आता चेहरा हवाय."

हे तो मोठ्याने बोलला. टेबल तिथून काही पावलांवर होतं. फोनमध्ये चुलत दीर म्हणत होता, "अण्णाकाका, आत घेतलं, आता काही दिसायचं नाही." अण्णांनी फोन पालथा घातला. आमच्याकडे न बघता म्हणाले,

"आता जमलं तुला."

आवाजात राग नव्हता, कौतुकही नव्हतं. नवऱ्याने पटर भिंतीला टेकवला, स्टडीत गेला आणि थोड्या वेळाने मला त्याचा आवाज ऐकू आला, खरीच मीटिंग सुरू झाली होती, "यप, नो वरीज, विल डू." मी मोरीत जाऊन घोट्यावर गार पाणी सोडलं. अण्णांना चहा करून दिला. त्यांनी प्यायला.

त्यानंतर सिडनीत पुन्हा लॉकडाऊन लागला, आधीपेक्षा लांब आणि आमच्या भागात आधीपेक्षा कडक. डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर फिरायचं. ते दोघं एका घरात राहिले, एका टेबलावर जेवले, आणि एकमेकांशी बोलले नाहीत. मध्ये मी होते. "अण्णांना विचार कढी हवी का." "त्याला सांग, नको." मुलगी निरोप्याचं काम आनंदाने करायची, दोन्हीकडच्या निरोपांत स्वतःची भर घालून. ती वाढवून सांगते हे दोघांनाही कळायचं, तरी कुणी तिला थांबवलं नाही, मीसुद्धा नाही.

विमानं सुरू झाल्यावर डिसेंबरात अण्णा गेले. विमानतळावर त्यांच्यासाठी व्हीलचेअर मागवली होती. मास्क, त्यावर प्लॅस्टिकचा पडदा, मांडीवर बॅग. त्यांनी नातीच्या गालावरून हात फिरवला. मला म्हणाले, "सांभाळ." नवरा पाया पडायला खाली वाकला. नेमकं त्याच वेळी व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसाने ब्रेक काढला. त्याला काय माहीत! खुर्ची पुढे गेली आणि नवऱ्याचा हात फरशीला टेकला. अण्णांनी मागे वळून बघितलं नाही. त्या पडद्यामुळे कदाचित त्यांना दिसलंही नसेल. मी हे नवऱ्याला गाडीत म्हणून बघितलं. तो म्हणाला, "पार्किंगचं तिकीट कुठे ठेवलंयस?"

अण्णा आता पुण्यात असतात, दिवसा-रात्रीची माणसं ठेवली आहेत, त्यातलं कुणी महिनाभराहून जास्त टिकत नाही. रविवारी मी फोन करते. ते आमटीच्या मिठाबद्दल बोलतात. मुलाची चौकशी करत नाहीत, आणि मुलगा फोन वाजत असला की अंगणात कपडे काढायला जातो.

गेल्या दिवाळीत केलीव्हिलला मित्रांकडे जेवायला गेलो होतो. लॉकडाऊनच्या आठवणी निघाल्या. नवऱ्याने पॅसेजमधल्या गोल्फची गोष्ट सांगितली, अण्णांची खुर्ची, पेला, 'तुझ्यात ती उपजत आहे'. त्याने अण्णांचा आवाज असा हुबेहूब काढला की सगळे पोट धरून हसले. गोष्ट त्याने मॅचच्या आधीच संपवली. कुणीतरी मला विचारलं, तू नाही शिकलीस? मी म्हटलं, नाही बाई.

ते खोटं होतं. मला नोकरी मिळाली आहे, आठवड्यातून चार दिवसांची. पाचव्या दिवशी सकाळी मी घरापासून थोड्या अंतरावरच्या एका छोट्या मैदानावर जाते. बरोबर निवृत्त झालेल्या काही बायका असतात. माझा लांबचा फटका हास्यास्पद आहे, चेंडू झाडीत जातो. खऱ्या गवतावर पटिंगही पट्टीसारखं होत नाही, जमीन चढउताराची, सकाळी दव असतं, चेंडू मध्येच दमून थांबतो. मी पुष्कळ चुकते. चुकल्यावर कुणी काही म्हणत नाही आणि मला ते अजून अंगवळणी पडलेलं नाही. पट मारून झाला की मी क्षणभर कुणीतरी बोलण्याची वाट बघते.

नवऱ्याला हे कळलं, गाडीच्या मागच्या सीटवर त्याला माझा हातमोजा सापडला तेव्हा. तो बराच वेळ मोजा हातात धरून उभा होता. मग म्हणाला, "एखाद्या दिवशी सुट्टी टाकून मी येऊ का? नुसता बघायला."

मी नाही म्हणाले. त्याने कारण विचारलं नाही. मोजा त्याने घडी घालून होता तिथे ठेवला आणि घरात गेला.